साठ अर्ज आणि एकही बोलावणे नाही: रेझ्युमेत काय बदलावे

गोव्यातील वाळपईजवळच्या एका गावातील सत्तावीस वर्षांच्या तरुणीने मला तिचा रेझ्युमे पाठवून एक प्रश्न विचारला आहे. तिच्याकडे रसायनशास्त्रातील बी.एस्सी. पदवी आहे आणि औषधनिर्मिती कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेतील तीन वर्षांचा अनुभव आहे. आईच्या आजारपणामुळे ती चौदा महिने घरी राहिली आणि त्यानंतरच्या पाच महिन्यांत तिने साठेक ठिकाणी अर्ज केले, पण मुलाखतीचे बोलावणे एकाही ठिकाणाहून आले नाही. रेझ्युमेत नेमके काय चुकते आहे, हा तिचा प्रश्न. मी गेली बावीस वर्षे, आधी कुंडईच्या आणि नंतर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काम करते. रेझ्युमे वाचून मी तिला काही प्रश्न विचारले आणि तिने त्यांची मोकळेपणाने उत्तरे दिली. पुढचे सारे त्या उत्तरांच्या आधारे आणि तिला उद्देशून लिहिले आहे.

तुमचा रेझ्युमे तीन पानांचा आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'करिक्युलम व्हिटे' हे शब्द आहेत, उजवीकडे छायाचित्र आहे आणि त्याखाली 'आव्हानात्मक वातावरणात माझ्या क्षमतांचा पूर्ण वापर करून संस्थेच्या वाढीस हातभार लावणे' अशा आशयाचे चार ओळींचे उद्दिष्ट आहे. त्यानंतर दहावीपासून पदवीपर्यंतचा चौकटींचा तक्ता येतो आणि पानाच्या तळाशी संगणक अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख. तुम्ही तीन वर्षे केलेले काम दुसऱ्या पानाच्या मध्यावर सुरू होते आणि पाच ओळींत संपते. उरलेली जागा वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद आणि 'वरील माहिती खरी आहे' ही प्रतिज्ञा यांनी व्यापली आहे. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी कुणीतरी दिलेला हा नमुना असावा, कारण गोव्यातून आलेले असे शेकडो रेझ्युमे मी पाहिले आहेत. त्या वेळी तो चालून गेला असेल, कारण तेव्हा तुमच्याकडे सांगण्यासारखे शिक्षणच होते. आज तुमच्याकडे त्याहून मोलाचे काही आहे आणि ते या नमुन्याखाली दडून गेले आहे.

हे वाचणारी माणसे कोण आहेत, ते आधी सांगते. केमिस्टची एक जागा निघाली की माझ्या टेबलावर दीडशे-दोनशे अर्ज येतात आणि पहिल्या चाळणीत एका अर्जाला मी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ देऊ शकत नाही. त्या अर्ध्या मिनिटात मला इतकेच ठरवायचे असते की हा कागद प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे पाठवावा की नाही. मी निवडलेले पंधरा-वीस कागद प्रमुख पाहतात. ते माझ्यासारखे घाईत नसतात, पण त्यांची अडचण वेगळी असते. रात्रपाळीचा एक विश्लेषक सोडून गेलेला असतो, नमुने साचलेले असतात आणि येणारी व्यक्ती किती दिवसांत स्वतंत्रपणे यंत्रावर बसू शकेल, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. तुमच्या रेझ्युमेतील प्रत्येक ओळ या दोघांपैकी कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असली पाहिजे. छंद हे कुणाच्याच प्रश्नाचे उत्तर नाही.

आता त्या पाच ओळींकडे येते, कारण सारा रेझ्युमे तिथेच उभा राहतो किंवा पडतो. तुम्ही लिहिले आहे: 'नमुन्यांच्या तपासणीची जबाबदारी', 'एचपीएलसीवर काम केले', 'जीएमपीचे पालन केले', 'दस्तऐवजांची देखभाल', 'वरिष्ठांनी सांगितलेली इतर कामे'. (एचपीएलसी हे औषधातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र आणि जीएमपी म्हणजे औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींचे नियम.) यातली एकही ओळ खोटी नाही, पण गोव्यातील कुठल्याही औषध कारखान्यात काम केलेला कुणीही मनुष्य याच पाच ओळी लिहू शकतो आणि बहुतेक जण लिहितातही. मी विचारले की कसले नमुने, तेव्हा तुम्ही सांगितले की तयार गोळ्यांचे आणि कधीकधी स्थिरता चाचणीचे, म्हणजे औषध किती काळ टिकते ते पाहण्यासाठी ठेवलेले. कोणत्या चाचण्या, तर अ‍ॅसे, डिसोल्यूशन आणि रिलेटेड सब्स्टन्सेस, म्हणजे अनुक्रमे गोळीतील औषधाचे प्रमाण, त्याचे विरघळणे आणि त्यातील अशुद्धी तपासणाऱ्या. रोज किती, तर एका पाळीत सरासरी तीन ते चार बॅचेस. यंत्रे किती, तर सहा एचपीएलसी आणि त्यांपैकी दोन यंत्रांचे मासिक कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, तुमच्याकडे होते. आकडेमोड कशावर, तर एम्पॉवर सॉफ्टवेअरवर. शेवटच्या वर्षी नवीन आलेल्या दोन मुलींना डिसोल्यूशन उपकरण शिकवण्याचे काम तुमच्याकडे आले होते, हे तर तुम्ही उत्तराच्या शेवटी जाता जाता सांगितलेत आणि रेझ्युमेत त्याचा मागमूसही नाही.

तेच काम पुन्हा लिहू. 'तयार गोळ्या व स्थिरता नमुन्यांचे एचपीएलसीवर अ‍ॅसे, डिसोल्यूशन व रिलेटेड सब्स्टन्सेस या चाचण्यांसाठी विश्लेषण. एका पाळीत सरासरी तीन ते चार बॅचेस.' 'दोन एचपीएलसी यंत्रांचे मासिक कॅलिब्रेशन आणि त्याच्या नोंदी.' 'एम्पॉवर सॉफ्टवेअरवर क्रोमॅटोग्रामचे इंटिग्रेशन व निकालांची आकडेमोड.' 'दोन नवीन विश्लेषकांना डिसोल्यूशन उपकरणाचे प्रशिक्षण.' यात तुमची स्तुती करणारा एकही शब्द नाही. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'संघभावनेने काम करणारी' ही विशेषणे तुमच्या जुन्या रेझ्युमेत होती आणि ती काढून टाकायला मी सांगितले, कारण विशेषण कुणीही लावू शकतो. सहांपैकी दोन यंत्रांचे कॅलिब्रेशन एखाद्या विश्लेषकाकडे सोपवले गेले, ही गोष्ट मात्र वाचणाऱ्या प्रमुखाला तुमच्यावरच्या विश्वासाबद्दल पुरेसे सांगून जाते.

याच कामातली आणखी एक गोष्ट तुम्ही मला सांगितलीत, ती मी रेझ्युमेत अवश्य घ्यायला सांगेन. एका बॅचचा अ‍ॅसे मर्यादेबाहेर आला होता, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेत ओओएस म्हणतात तो प्रसंग. तेव्हा तुम्ही स्वतःहून पर्यवेक्षकाला कळवले, नमुन्याचे द्रावण जपून ठेवले आणि चौकशीत स्टँडर्डच्या, म्हणजे तुलनेसाठी वापरलेल्या प्रमाणित पदार्थाच्या, वजनाची नोंद चुकीची असल्याचे निष्पन्न झाले. अशा चौकशीतील आपला सहभाग एका ओळीत, पण अचूक लिहावा: 'ओओएस चौकशीच्या पहिल्या टप्प्यात सहभाग: द्रावणे जतन करणे, वजनाच्या व तयारीच्या नोंदींची पडताळणी.' औषध उद्योगात नोंदींच्या सचोटीला अलीकडे फार महत्त्व आले आहे. अमेरिकी नियामकाचा इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम १९९७ पासून आहे आणि आपल्याकडचे शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींचे नियम, २०२३ च्या अखेरीस नव्याने अधिसूचित झाले. मर्यादेबाहेरचा निकाल लपवून नमुना पुन्हा यंत्रात घालणारा विश्लेषक कारखान्याला बुडवू शकतो, म्हणून तो न लपवणाऱ्या माणसाला प्रमुख शोधत असतात.

मात्र ऑडिटविषयीची तुमची ओळ बदलावी लागेल. तुम्ही 'यूएसएफडीए ऑडिटला यशस्वीपणे सामोरी गेले', म्हणजे अमेरिकी औषध नियामकाच्या तपासणीला, असे लिहिले आहे. मी विचारले तेव्हा कळले की ऑडिटच्या चार दिवसांत तुम्ही नोंदवह्या शोधून वरिष्ठांच्या हाती देत होता आणि तपासनीसांशी तुमचे बोलणे झाले नव्हते. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येईल की तपासनीसांनी तुम्हाला काय विचारले, आणि त्या क्षणी तुमच्या इतर सगळ्या खऱ्या ओळींवरही संशयाची सावली पडेल. 'ऑडिटदरम्यान कच्च्या नोंदी व नोंदवह्या तत्काळ उपलब्ध करून देण्याचे काम' हे खरे आहे आणि लहानही नाही. ज्या प्रयोगशाळेत मागितलेला कागद पाच मिनिटांत सापडतो, त्या प्रयोगशाळेचे अर्धे ऑडिट तिथेच पार पडलेले असते.

या जागी मला २०१२ नंतरचा काळ आठवतो. त्या वर्षी खाणी बंद पडल्या आणि डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील माणसे आमच्या दारात कामासाठी येऊ लागली. पिसुर्ले भागातील एक गृहस्थ आले, त्यांच्या कागदावर एकच ओळ होती: 'ऑपरेटर, चौदा वर्षे.' आमच्याकडे त्या दिवशी फोर्कलिफ्ट चालवणारा हवा होता आणि या ओळीवरून मला काहीच ठरवता येईना. मी त्यांना बसवून विचारले. त्यांनी एक्सकॅव्हेटर चालवला होता, व्हील लोडर चालवला होता, रोज सकाळी इंजिन ऑइल आणि हायड्रॉलिकची पातळी तपासून वहीत नोंद केली होती, आणि चौदा वर्षांत त्यांच्या यंत्राखाली कुणालाही इजा झाली नव्हती. ती नोंदवही त्यांनी घरी जपून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी ते ती घेऊन आले. आम्ही त्यांना घेतले. त्यांना न विचारता मी तो कागद बाजूला ठेवला असता, तर दोष माझ्याकडे कमी आणि त्या एका ओळीकडे अधिक गेला असता. मलाही प्रत्येकाला बसवून विचारता येत नाही, म्हणूनच विचारल्यावर जे सांगितले असते ते आधीच कागदावर यायला हवे.

तुमच्या बाबतीत एक नाजूक मुद्दा आहे, तो म्हणजे कंत्राटी नोकरीचा. तुम्ही एका मोठ्या कंपनीच्या कारखान्यात काम केले, पण तुमचा पगार आणि भविष्यनिर्वाह निधी मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून भरला जात होता. रेझ्युमेत मात्र तुम्ही फक्त मोठ्या कंपनीचे नाव लिहिले आहे. हेतू वाईट नव्हता हे मला समजते, कारण तुम्ही रोज त्याच फाटकातून आत जात होता. पण आज बहुतेक कंपन्या नेमणुकीपूर्वी पडताळणी करतात आणि तुमच्या यूएएन या भविष्यनिर्वाह निधीच्या क्रमांकाखाली ईपीएफओ या निधी संघटनेच्या नोंदीत कोणत्या आस्थापनेने कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत निधी भरला, ते स्पष्ट दिसते. तिथे वेगळेच नाव निघाले की नेमणूकपत्र मागे घेतले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि ती माणसे कामात मुळीच कमी नव्हती. म्हणून आधी कंत्राटदाराचे नाव, त्यापुढे 'नेमणुकीचे ठिकाण' म्हणून कारखान्याचे नाव आणि दोन्हींखाली तुमचे काम, असे लिहावे. तारखा लिहिताना ईपीएफओच्या पासबुकातील नोंदी समोर ठेवाव्यात आणि महिना-वर्ष दोन्ही द्यावेत. कंत्राटी कामाने तुमची किंमत कमी होत नाही. औषध उद्योगात काम करणाऱ्या प्रत्येकाला ही पद्धत माहीत आहे.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून विश्लेषक म्हणून तुमच्या नावाला मान्यता मिळाली असेल, तर ती बाब रेझ्युमेच्या पहिल्या दोन ओळींतच यावी. तुम्हाला ती मिळालेली नाही असे तुम्ही कळवले आहे, तेव्हा त्याविषयी गप्प राहणे योग्य. 'प्रक्रियेत आहे' असे लिहू नये.

चौदा महिन्यांच्या खंडाबद्दल तुम्ही सर्वांत अधिक काळजी व्यक्त केली आहे आणि तो लपवण्यासाठी तारखांऐवजी नुसती वर्षे लिहिली आहेत. मी इतकेच सांगेन की वाचणाऱ्याला खंडाची भीती वाटत नाही, त्याला अज्ञाताची भीती वाटते. नुसती वर्षे पाहिली की माझ्या मनात पहिला विचार येतो तो असा की इथे काहीतरी झाकलेले आहे, कदाचित कामावरून काढले असेल, कदाचित कुठे दोन महिने काम करून सोडले असेल. त्याऐवजी अनुभवाच्या क्रमातच एक साधी ओळ घालावी: 'सप्टेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४: कुटुंबातील आजारपणामुळे घरी, आता पूर्णवेळ आणि पाळ्यांच्या कामासाठी उपलब्ध.' आजाराचे नाव, उपचार, कुटुंबातील कोण, हे काहीही लिहिण्याची गरज नाही. मुलाखतीत विचारले तर दोन वाक्यांत उत्तर देऊन पुन्हा कामाकडे वळावे. आईची सेवा केल्याबद्दल क्षमा मागितल्याच्या सुरात हे सांगू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. गेल्या काही वर्षांत मी असे कितीतरी रेझ्युमे पाहिले, ज्यांत स्त्रियांनी घरच्या जबाबदारीचा काळ गुन्ह्यासारखा झाकून ठेवला होता, आणि त्यामुळे त्यांचे नुकसानच झाले.

गोव्यात आणखी एक गोष्ट पाहिली जाते, जी बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शनात सापडणार नाही. तुमचा पत्ता सत्तरी तालुक्यातला, वाळपईकडचा आहे आणि तुम्ही वेर्ण्याला बरेच अर्ज केले आहेत. गोवा लहान आहे असे आपण म्हणतो, परंतु वाळपईहून पणजी आणि तिथून वेर्णा असा दोन बसगाड्यांचा प्रवास करून सकाळी सातच्या पाळीला कुणी पोहोचू शकत नाही, हे माझ्यासारख्या माणसाला ठाऊक असते. कंपनीची बस बहुतेकदा फोंडा, मडगाव, वास्को, पणजी या बाजूंनी फिरते. म्हणून पत्ता पाहताच कागद बाजूला ठेवला जातो आणि उमेदवाराला कारण कधीच कळत नाही. तुम्ही मला सांगितले की फोंड्याला तुमच्या मावशीचे घर आहे आणि नोकरी मिळाल्यास तिथे राहण्याची तयारी आहे. मग ही गोष्ट पत्त्याखालीच लिहा: 'नोकरीसाठी फोंडा येथे राहण्याची सोय आहे, सर्व पाळ्यांसाठी उपलब्ध.' पूर्ण पत्त्याची, घर क्रमांकाची गरज नाही. गाव आणि तालुका पुरे. याच कारणाने कुंडई, मडकई, होंडा आणि पिसुर्ले इथल्या कारखान्यांना तुमचे अर्ज आधी जायला हवे होते, आणि तुमच्या यादीत ते सर्वांत कमी आहेत.

आता भाषेविषयी. तुमचे प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले आहे आणि रेझ्युमे इंग्रजीतच द्यावा लागतो, त्यामुळे तुम्ही तयार वाक्यांचा आधार घेतलात, हे दिसते. माझी पद्धत अशी आहे की मी उमेदवाराला आधी मराठीत किंवा कोकणीत बोलायला लावते. कामावरचा एक संपूर्ण दिवस, पाळी सुरू झाल्यापासून वही बंद करेपर्यंत, घरच्या माणसाला सांगावा तसा सांगायचा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करायचा. नंतर तो ऐकून त्यातली क्रियापदे कागदावर उतरवायची: तोलले, विरघळवले, गाळले, इंजेक्ट केले, तपासले, नोंदवले, कळवले. या क्रियापदांची साधी इंग्रजी रूपे तुम्हाला येतात, कारण प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तुम्ही ती तीन वर्षे रोज लिहिली आहेत. ओळ तिथूनच सुरू करावी आणि अवघड शब्दांचा मोह टाळावा. भाषांच्या रकान्यात 'मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी' असे नुसते न लिहिता कोणती बोलता, कोणती लिहिता हे सांगावे. मराठी आणि कोकणी दोन्ही सफाईने बोलणारी व्यक्ती कारखान्यात उपयोगाची असते, कारण कार्यपद्धती इंग्रजीत लिहिलेली असते आणि ती पॅकिंगच्या टेबलावर उभ्या असलेल्या मुलींना समजावून सांगावी लागते.

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या साधनाकडून आख्खा रेझ्युमे लिहून घेण्याविषयी तुम्ही विचारले आहे. व्याकरण तपासण्यासाठी ते अवश्य वापरा. पण मजकूर त्याच्याकडून घेतला तर तुमच्या दोन यंत्रांचे कॅलिब्रेशन त्यात येणार नाही, कारण ते त्याला माहीतच नाही. हल्ली एकाच आठवड्यात एकाच वाक्याने सुरू होणारे दहा-बारा रेझ्युमे मला मिळतात आणि ते सारेच माझ्या लेखी एकसारखे होऊन जातात. दुसरा धोका असा की अशी साधने न केलेले काम आणि न गाठलेले टक्के सहज घालून देतात, आणि मुलाखतीत उत्तर मात्र तुम्हालाच द्यावे लागते.

रचना एका पानाची असावी. तीन वर्षांच्या अनुभवाला दुसरे पान लागत नाही. सर्वांत वर नाव, गाव, फोन, ईमेल. त्याखाली तीन ओळींचा परिचय: 'औषधनिर्मितीतील गुणवत्ता नियंत्रणाचा तीन वर्षांचा अनुभव, एचपीएलसी व डिसोल्यूशनवर स्वतंत्रपणे काम, बी.एस्सी. रसायनशास्त्र, गोवा विद्यापीठ.' त्यानंतर अनुभव, मग यंत्रे व सॉफ्टवेअर, मग शिक्षण. दहावी-बारावी एका ओळीत यावी. ईमेल पत्ता नावाचा असावा, आणि तुमचा सध्याचा पत्ता शाळेच्या दिवसांतला आहे, तो बदला. छायाचित्राची गरज या क्षेत्रात नाही. धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव हे लग्नाच्या बायोडाटाचे रकाने आहेत आणि नोकरीच्या कागदावर त्यांचे काही काम नाही. आधार, पॅन किंवा पारपत्र यांचे क्रमांक तर कधीही लिहू नका, कारण गोव्यात रेझ्युमे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून कुठून कुठे जातो याचा पत्ता लागत नाही. अपेक्षित पगारही जाहिरातीत मागितला असेल तरच लिहावा.

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका संगणकप्रणालीतून जातात. ती मजकूर वाचून नाव, अनुभव, कौशल्ये वेगळी काढते. दोन स्तंभांची मांडणी, चौकटींचे तक्ते, पानाच्या शीर्षपट्टीत टाकलेला फोन क्रमांक अशा गोष्टींत ती गोंधळू शकते. तुम्ही काही ठिकाणी छापलेल्या कागदाचा फोटो काढून तोच पाठवला होता, त्यात तर तिला वाचण्यासाठी अक्षरच सापडले नसण्याची शक्यता आहे. साध्या अक्षरांत एका स्तंभात लिहून पीडीएफ करावी आणि फाइलच्या नावात तुमचे नाव व पद असावे. जाहिरातीतले शब्द रेझ्युमेत यावेत, पण तुम्ही ते काम केले असेल तरच. 'एचपीएलसी' एकदा संक्षेपाने आणि एकदा पूर्ण नावाने लिहिले की दोन्ही प्रकारे शोधणाऱ्याला सापडते.

साठ ठिकाणी तुम्ही एकच कागद पाठवला. तसे न करता प्रत्येक जाहिरातीसाठी दहा मिनिटे खर्चून परिचयाच्या तीन ओळी आणि अनुभवातील ओळींचा क्रम बदलावा. कच्च्या मालाच्या विभागाची जागा असेल तर नमुना घेण्याचे काम वर आणावे, स्थिरता विभागाची असेल तर स्थिरता नमुने वर आणावेत. सरकारी नोकरीसाठी हा सारा खटाटोप उपयोगाचा नाही. तिथे विहित नमुन्यातील अर्ज, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड आणि कोकणीचे ज्ञान अशा बाबी पाहिल्या जातात. हॉटेल किंवा जहाजावरच्या कामाला जाणाऱ्यांचे रेझ्युमेही वेगळे असतात, तिथे खोल्यांची संख्या, सागरी सेवेचा कालावधी, सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) यांना पहिले स्थान. तुमचा धाकटा भाऊ हॉटेल व्यवस्थापन शिकतो असे तुम्ही लिहिले आहे, त्याने तुमचा नमुना उचलू नये.

अर्जासोबतच्या ईमेलमध्ये 'कृपया सोबतचा रेझ्युमे पाहावा' एवढेच लिहिले तर हाती आलेली संधी वाया जाते. चार वाक्ये पुरेशी आहेत: कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, त्या जागेला लागणारे कोणते काम तुम्ही केले आहे, तुम्ही कधीपासून रुजू होऊ शकता आणि राहण्याची सोय कुठे आहे. जुन्या सहकाऱ्यांपैकी कुणी दुसऱ्या कारखान्यात गेले असेल, तर त्यांच्यामार्फतही रेझ्युमे पाठवावा. यात कमीपणा मानू नये. आपल्याकडे याला वशिला म्हणून नाके मुरडली जातात, पण तुमच्या शेजारच्या टेबलावर दोन वर्षे काम केलेली व्यक्ती जेव्हा 'हिचे काम मी पाहिले आहे' असे सांगते, तेव्हा ती साक्ष असते. कागद मला तरीही वाचावाच लागतो. औषध कंपन्यांच्या थेट मुलाखती बहुधा शनिवारी किंवा रविवारी असतात. तिथे दोन छापील प्रती, अनुभवाचा दाखला आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या घेऊन वेळेआधी जावे. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला मात्र ना पैसे द्यावेत, ना रेझ्युमे.

शेवटची बाब किरकोळ वाटेल, पण तिच्यामुळे मी स्वतः चांगले उमेदवार गमावले आहेत. निवडलेल्या उमेदवाराला आम्ही फोन करतो, दोनदा लागला नाही तर पुढच्या नावाकडे वळतो. तुमच्या गावात मोबाइलची रेंज घराच्या मागच्या अंगणातच येते असे तुम्ही सहज म्हणालात. अर्ज केलेल्या आठवड्यांत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच फोन तिथे ठेवा, अनोळखी क्रमांक उचला आणि रेझ्युमेत तुमच्या क्रमांकाशेजारी फोंड्याच्या मावशीचा क्रमांकही, त्यांना विचारून आणि कुणाचा फोन येऊ शकतो हे सांगून, पर्यायी म्हणून द्या.